सिद्ध कोणी करायचं? पुराणमतवादाची सोपी ओळख

फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाल्यावर नव्या सरकारनं १७९३ साली आठवडाच मोडीत काढला. सात दिवसांच्या जागी दहा दिवसांचा गट आला. सगळे महिने तीस दिवसांचे झाले, उरलेले पाच-सहा दिवस वर्षाच्या शेवटी जोडले गेले आणि वर्षं मोजायची ती प्रजासत्ताकाच्या जन्मापासून, म्हणजे २२ सप्टेंबर १७९२ पासून, असं ठरलं. हिशेबाला हे फार सोयीचं होतं, कारण सात हा आकडा महिन्यातही नीट बसत नाही आणि वर्षातही नाही. शिवाय रविवारच गेला की चर्चचा लोकांवरचा पगडा आपोआप सैल होईल, असाही होरा होता. पण सातव्या दिवशी मिळणारी विश्रांती दहाव्या दिवसावर ढकलली गेली, हे कष्टकऱ्यांना रुचणं शक्यच नव्हतं. खेड्यापाड्यांत लोक रविवार पाळतच राहिले. अखेर १ जानेवारी १८०६ पासून नेपोलियननं ही कालगणना रद्द केली.

सोव्हिएत सरकारनं १९२९ साली हाच प्रयोग वेगळ्या रीतीनं केला. कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून त्यांनी पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एक रंग दिला आणि प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी ठेवली. इथे कामगाराचा तोटा नव्हता, उलट फायदाच होता. सात दिवसांतून एकदा मिळणारी सुट्टी आता पाच दिवसांतून एकदा मिळणार होती. तरीही लोक वैतागले. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या, मित्राची तिसऱ्या. दिवस मोकळा मिळायचा, पण तो घालवायचा कुणाबरोबर? अखंड चालणाऱ्या यंत्रांचीही देखभाल होईना. १९३१ मध्ये सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आला आणि १९४० मध्ये सरकार मुकाट्यानं सात दिवसांवर परतलं.

राजघराणी संपवणाऱ्या, जमिनीची मालकी बदलणाऱ्या या दोन सरकारांना आठवडा काही बदलता आला नाही. बरं, सात दिवसांचा आठवडा कुणी विचारपूर्वक आखला होता म्हणावं, तर तसंही नाही. सातच का, याचं धर्मग्रंथांपासून चंद्राच्या कलांपर्यंत प्रत्येकाचं उत्तर वेगळं. दोन्ही सरकारांनी उत्पादन मोजलं, सुट्ट्यांची संख्या मोजली. पण सुट्टीची किंमत ती इतरांनाही त्याच दिवशी असण्यात आहे, ही गोष्ट कुठल्याच कायद्यात किंवा तक्त्यात लिहिलेली नव्हती. लिहिलेली नव्हती म्हणून ती विचारात घेतली गेली नाही. आठवडा मोडल्यावरच ती दिसली.

पुराणमतवादाचा गाभा इथे आहे. जुनं ते सोनं, असं त्याचे विचारी प्रवक्ते म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की एखादी व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या टिकली असेल तर ती का टिकली याची सगळी कारणं आपल्याला ठाऊक असतीलच असं नाही. म्हणून ती का बदलायची आणि बदलल्यावर काय होईल, हे बदल सुचवणाऱ्यानं पटवून द्यावं. न्यायालयात आरोप करणाऱ्यानं पुरावा द्यायचा असतो, आरोपीनं निर्दोष असल्याचा नव्हे. तसंच काहीसं हे. सुधारणावादी माणूस याच्या उलट टोकाला उभा असतो. जी व्यवस्था आपलं समर्थन तर्कानं करू शकत नाही, ती टिकवायची कशाला, असं तो विचारतो. राजकारणातले कितीतरी वाद वरकरणी कायद्याच्या कलमांवर चाललेले दिसतात. आत वाद असतो तो पुरावा आधी कुणी द्यायचा याचा.

या भूमिकेखाली माणसाविषयीची एक समजूतही आहे. परिस्थिती सुधारली, शिक्षण मिळालं, की माणूसही सुधारेल, असा भरवसा उदारमतवादी आणि समाजवादी दोघांनाही कमी-अधिक असतो. पुराणमतवाद्याला तो नसतो. लोभ, मत्सर, सत्तेची हाव या गोष्टी कुठल्याही राज्यघटनेनं नाहीशा होत नाहीत, त्या फक्त जागा बदलतात, असं तो मानतो. म्हणून त्याला कुटुंब, धर्मसंस्था, न्यायालयं, जुने शिष्टाचार अशा बंधनांची कदर वाटते. ही समजूत अनेकांच्या बाबतीत धर्मातून येते, पण धर्म लागतोच असं नाही. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम धर्माबद्दल पक्का संशयी होता आणि राजकारणात मोठ्या उलथापालथींबद्दलही तितकाच संशयी होता.

आणखी एक साधी गोष्ट. न्यायालय बरखास्त करायला एक हुकूम पुरतो. लोकांनी न्यायालयावर विश्वास ठेवायला लागण्यासाठी मात्र कित्येक पिढ्या जाव्या लागतात. बिघडवणं आणि घडवणं यांच्या वेगात हा जो फरक आहे, तो पुराणमतवाद्यांच्या सावधपणामागचं मला पटणारं सर्वांत भक्कम कारण आहे.

मग काहीच बदलायचं नाही का? आठवड्याला हात घालणाऱ्या त्याच फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९५ मध्ये मीटर आणि ग्रॅमचा कायदा केला, आणि आज जवळपास सगळं जग त्या मापांवर चालतं. फरक असा, की जुन्या मापांचा लोकांना खरोखर जाच होता. गावागणिक माप वेगळं, त्यामुळे व्यवहारात फसवणूक. क्रांतीपूर्वी १७८९ मध्ये राजानं प्रजेकडून तक्रारींच्या याद्या मागवल्या, तेव्हा सर्वत्र एकच माप असावं ही मागणी लोकांनी स्वतःहून केली होती. सात दिवसांच्या आठवड्याबद्दल कुणी आपण होऊन ओरड केलेली नव्हती. नव्या मापांनाही रुळायला वेळ लागला, मध्ये जुनी नावं पुन्हा वापरायची सवलत द्यावी लागली आणि फ्रान्समध्ये ती पूर्णपणे सक्तीची झाली १८४० मध्ये. विचारी पुराणमतवादी अशा बदलाला विरोध करत नाही. दुखणं कुठे आहे ते लोकांनीच दाखवलेलं असतं आणि उपचार त्या दुखण्यापुरता असतो.

बर्क, आणि त्याच्याबद्दलचा एक गैरसमज

आधुनिक पुराणमतवादाचा मूळपुरुष म्हणून एडमंड बर्कचं नाव घेतलं जातं. १७२९ मध्ये डब्लिनमध्ये जन्मलेला हा आयरिश माणूस ब्रिटिश संसदेत बसला तो राजनिष्ठ टोरी गटात नव्हे, तर राजाच्या अधिकारांना लगाम घालू पाहणाऱ्या व्हिग गटात. अमेरिकन वसाहती करांवरून चिडल्या तेव्हा त्यानं त्यांची बाजू घेतली. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावर महाभियोग चालवावा म्हणून त्यानं आयुष्याची कित्येक वर्षं घातली. १७८८ मध्ये सुरू झालेला तो खटला सात वर्षं चालला आणि १७९५ मध्ये हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. भारतातल्या लोकांच्या स्वतःच्या जुन्या संस्था आणि कायदे आहेत, त्यांना धाब्यावर बसवायचा अधिकार एका व्यापारी कंपनीला कुणी दिला, हा बर्कच्या रागाचा एक मोठा भाग होता.

असा माणूस फ्रेंच राज्यक्रांतीचं स्वागत करील, असं त्याच्या मित्रांना वाटलं होतं. त्यानं उलट नोव्हेंबर १७९० मध्ये तिच्यावर कडाडून टीका करणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. तेव्हा राजा जिवंत होता, गिलोटिनचं सत्र सुरू व्हायचं होतं आणि इंग्लंडमधले पुष्कळ सुशिक्षित लोक क्रांतीवर खूश होते. बर्कनं लिहिलं, की जुने सगळे आधार काढून टाकले की शेवटी सैन्यावर पकड असलेला एखादा लोकप्रिय सेनापतीच सर्वांचा धनी होईल. १७९३ मध्ये राजाचा शिरच्छेद झाला, त्यानंतर दहशतीचं पर्व आलं आणि १७९९ मध्ये नेपोलियननं सत्ता घेतली. हे शेवटचं पाहायला बर्क नव्हता. तो १७९७ मध्ये वारला.

तो बदलला, फितूर झाला, असं त्याचे जुने साथी म्हणाले. मला तसं वाटत नाही. लंडनच्या सरकारनं अमेरिकेत, कंपनीनं भारतात आणि क्रांतिकारकांनी फ्रान्समध्ये तीच गोष्ट केली, असं त्याला दिसत होतं: तिथे रुजलेल्या जगण्याकडे न पाहता वरून हुकूम सोडला. समाज म्हणजे फक्त आज जिवंत असलेल्यांची मालमत्ता नाही, होऊन गेलेल्या आणि अजून जन्माला यायच्या असलेल्यांचाही त्यात वाटा आहे, ही त्याची कल्पना याच विचारातून आली. आणि ज्या राज्यात बदलाची सोय नाही, त्या राज्यात स्वतःला टिकवण्याचीही सोय नाही, हेही त्याच पुस्तकात आहे. त्याचा उल्लेख मात्र कमी होतो.

त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्रान्सच्या राणीची विटंबना झाली म्हणून त्यानं पानंच्या पानं हळहळ केली. भाकरीसाठी रस्त्यावर आलेल्या बायकांबद्दल त्याच्यापाशी तेवढे शब्द नव्हते. क्रांतीचा समर्थक लेखक टॉमस पेन यानं १७९१ मध्ये त्याला उत्तर दिलं, तेव्हा नेमकं याच जागी बोट ठेवलं. हा आरोप पुराणमतवादावर आजही होतो. त्याकडे पुढे येऊ.

गल्लत कुठे होते

रूढी पाळणारा प्रत्येक माणूस पुराणमतवादी नसतो. ज्याला दुसरं काही सुचलेलंच नाही, तो फक्त सवयीनं वागत असतो. कुणीतरी त्या सवयीवर प्रश्न विचारतं, आणि प्रश्न ऐकून घेतल्यावरही जो तिची बाजू मांडतो, तिथून पुराणमतवाद सुरू होतो. म्हणूनच विचारसरणी म्हणून तो बंडखोर विचारांच्या पाठोपाठ जन्माला आला. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' हे नावसुद्धा राजकारणात रुळलं ते क्रांतीनंतर. १८१८ मध्ये फ्रान्समध्ये लेखक शातोब्रियाँनं त्या नावाचं नियतकालिक काढलं आणि १८३० च्या दशकात ब्रिटनमधल्या टोरी गटानं ते नाव घेतलं. मराठी वर्तमानपत्रं ज्याला हुजूर पक्ष म्हणतात, तो हाच.

दुसरी गल्लत प्रतिगामी माणसाशी होते. जोसेफ द मेस्त्र हा क्रांतीचा बर्कइतकाच कट्टर विरोधक, पण त्याला जे आहे ते राखायचं नव्हतं. क्रांतीनं आणलेलं सगळं पुसून राजा आणि पोप यांची सत्ता पुन्हा बसवायची होती. दिशा मागची असली तरी त्याची पद्धत क्रांतिकारकासारखीच आहे: चालू वर्तमान एका फटक्यात नाकारायचं. पुराणमतवादी माणूस कालच्या सुधारणाही राखायला लागतो, त्या एकदा अंगवळणी पडल्या की. ब्रिटनमध्ये १९४६ साली सर्वांना मोफत आरोग्यसेवा देणारं विधेयक आलं, तेव्हा हुजूर पक्षानं त्याविरुद्ध मतदान केलं. १९४८ मध्ये सेवा सुरू झाली. १९५१ मध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा त्यांनी ती मोडली नाही, आणि पुढच्या निवडणुकांत ती आपल्याच हाती सुरक्षित आहे असं तोच पक्ष सांगू लागला. याला कुणी संधिसाधूपणा म्हणेल. थोडा तो आहेही. पण या विचारसरणीत बसणारंच ते वागणं आहे.

राखण्यासाठी बदलणं हा तर त्यांचा जुना डाव. ब्रिटनमध्ये हुजूर पक्षाच्या डिझरेलीनं १८६७ मध्ये शहरी कामगारांपर्यंत मताधिकार नेला आणि मतदारांची संख्या जवळपास दुप्पट केली. कट्टर राजनिष्ठ जमीनदार असलेल्या बिस्मार्कनं जर्मनीत १८८३ मध्ये आजारपणाचा, १८८४ मध्ये अपघाताचा आणि १८८९ मध्ये म्हातारपणाचा विमा कामगारांसाठी आणला. त्याआधी १८७८ मध्ये त्यानंच समाजवाद्यांच्या संघटनांवर आणि वृत्तपत्रांवर बंदी घातली होती. कामगार समाजवाद्यांच्या मागे जाऊ नयेत, यासाठीची ही दुसरी, गोड बाजू.

संस्कृतीत एक, राजकारणात दुसरं

राजकारणात जो पुराणमतवादी तोच संस्कृतीतही असणार, असं आपण गृहीत धरतो. इथे उदाहरणं पाहायला लागलं की गंमत येते.

इंग्लंडमध्ये १८७७ साली जुन्या इमारती वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. जुनी चर्चं 'दुरुस्त' करण्याच्या नावाखाली त्यांचं मूळ रूप खरवडून काढलं जात होतं, त्याला तिचा विरोध होता. जुनं आहे तसं सांभाळा, डागडुजी करा, नवं खोटं जुनेपण चिकटवू नका, अशी तिची भूमिका. संस्थापक होता विल्यम मॉरिस, जो पुढे काही वर्षांतच उघड क्रांतिकारी समाजवादी झाला. त्याच्या मनात या दोन गोष्टींत विरोध नव्हता. भांडवलशाहीच जुनं, हातानं घडवलेलं, सुंदर जग मोडते आहे, असं त्याचं मत होतं.

याच्या बरोबर उलट कवी टी. एस. एलियट. १९२२ मध्ये त्यानं इंग्रजी कवितेची जुनी घडी विस्कटून टाकणारी दीर्घ कविता प्रसिद्ध केली, आणि १९२८ मध्ये आपण राजकारणात राजेशाहीचे पुरस्कर्ते आहोत असं जाहीर केलं. कवितेत बंडखोर, राजकारणात जुन्याहून जुना.

वॉर्साचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यानं त्या शहराचा जुना भाग ठरवून जमीनदोस्त केला. युद्धानंतर पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवट आली, आणि अशा राजवटीकडून काँक्रीटच्या नव्या वसाहतींची अपेक्षा असताना तो भाग जुनी चित्रं आणि नकाशे पाहून पूर्वीसारखा उभा करण्यात आला. १९८० मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा ठरवलं. घरांचे दगड नवे होते. राखायचं होतं ते लोकांचं त्या जागेशी असलेलं नातं.

सांस्कृतिक पुराणमतवाद म्हणजे मुख्यतः हेच: आपण कोण आहोत हे ज्या गोष्टींतून कळतं, त्या हरवू नयेत ही ओढ. भाषा, पूजाअर्चा, लग्नाच्या रीती, मोठ्यांशी वागण्याची पद्धत, ओळखीचा रस्ता. ही ओढ कुठल्याही पक्षाच्या माणसात असू शकते. राजकीय पुराणमतवाद म्हणजे सत्ता आणि कायदा कसा वापरावा याबद्दलचं मत. दोन्ही एकत्र येतात तेव्हा प्रश्न उभा राहतो: संस्कृती टिकवण्यासाठी सरकारनं बळ वापरावं का? काही पुराणमतवादी म्हणतात, अवश्य. काही म्हणतात, पोलिसांच्या जोरावर टिकवावी लागणारी परंपरा आधीच मेलेली असते. माझा कल दुसऱ्यांकडे आहे, पण पहिल्यांचंही एक म्हणणं खरं आहे, की जाहिराती आणि बाजार तटस्थ नसतात. सरकार गप्प बसलं म्हणून संस्कृती आहे तशी राहत नाही.

बाजार: घरातलंच भांडण

गेल्या अर्धशतकात 'पुराणमतवादी पक्ष' म्हटलं की कमी कर, खुला व्यापार, खासगीकरण हेच डोळ्यांसमोर येतं. पण बाजाराइतकी जुन्या गोष्टी मोडणारी शक्ती दुसरी नाही. जुना व्यवसाय परवडेनासा झाला की बाजार तो बंद करतो, आणि त्यावर उभी राहिलेली वस्ती, तिथले क्लब, सण, नाती सगळं विरून जातं. ब्रिटनमधल्या कोळसाखाणींच्या गावांचं १९८० च्या दशकात हेच झालं, आणि ते झालं मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारच्या काळात.

त्याच थॅचर यांना १९८६ च्या एप्रिलमध्ये स्वतःच्या पक्षानं अडवलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये रविवारी दुकानं उघडण्यावरची बंधनं काढणारं विधेयक त्यांच्या सरकारनं मांडलं. संसदेत दणदणीत बहुमत होतं. तरीही विधेयक १४ मतांनी पडलं, कारण सत्तरहून अधिक हुजूर खासदारांनी विरोधात मत दिलं. बाहेर चर्च आणि दुकान कामगारांची संघटना, एरवी एका मांडवात न दिसणारे हे दोघे, एकाच बाजूला होते. एकाला उपासनेचा दिवस राखायचा होता, दुसऱ्याला सुट्टीचा. पुढे १९९४ मध्ये तडजोड झाली आणि मोठ्या दुकानांना रविवारी सहा तासांची मुभा मिळाली.

बाजारवादाचा मोठा विचारवंत फ्रीडरिश हायेक यानं १९६० मध्येच आपण पुराणमतवादी का नाही, यावर स्वतंत्र निबंध लिहिला होता. त्याची तक्रार अशी, की हे लोक कुणाच्या ताब्यात नसलेल्या बदलाला घाबरतात आणि भीती वाटली की सरकारच्या आसऱ्याला धावतात. थॅचर यांना हायेक अत्यंत प्रिय होता, हा इतिहासाचा विनोद. त्याहून मोठा विनोद असा, की समाजातलं ज्ञान विखुरलेलं असतं, ते एका माणसाच्या डोक्यात मावत नाही, हा हायेकचा मुख्य युक्तिवाद बर्कच्या फार जवळचा आहे. एकानं त्यावरून बाजाराचं समर्थन केलं, दुसऱ्यानं परंपरेचं.

मग हे दोन गट एका पक्षात नांदले कसे? समोर साम्यवाद होता म्हणून. धर्म मानणाऱ्यांना तो नास्तिक म्हणून नको होता, व्यापाऱ्यांना मालमत्तेचा शत्रू म्हणून. अमेरिकेत १९५० च्या दशकात काही लेखक-संपादकांनी या दोघांची जाणीवपूर्वक मोट बांधली. १९६४ मध्ये त्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार बॅरी गोल्डवॉटर दणकून हरला, १९८० मध्ये रोनाल्ड रेगन जिंकले. १९९१ मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही. त्यानंतर आयात शुल्क, स्थलांतर, परदेशांतली युद्धं यांवर ही मोट पुन्हा सुटत गेली.

किंमत कोण मोजतं

आता तो जुना आरोप. 'घाई नको, हळूहळू जाऊ' हे वाक्य ज्याचं बरं चाललं आहे त्याला सोपं जातं. ब्रिटिश संसदेनं १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला, तो अगदी सावध पद्धतीनं. लहान मुलं सोडून बाकीच्यांना १ ऑगस्ट १८३४ नंतरही 'शिकाऊ' म्हणून त्याच मालकांकडे राबायचं होतं. शेतमळ्यांवरच्यांना तर सहा वर्षं. मालकांना दोन कोटी पौंड भरपाई मिळाली, गुलामांना काहीही नाही. ओरड झाल्यावर १८३८ मध्ये ही 'शिकाऊ' पद्धत बंद झाली. व्यवस्थेला धक्का बसू नये म्हणून घेतलेला वेळ कुणाच्या आयुष्यातून गेला, हे वेगळं सांगायला नको.

स्वित्झर्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारावर १९५९ साली मतदान झालं. मत देणार फक्त पुरुष, आणि त्यांनी नाही म्हटलं. देशपातळीवर हा हक्क १९७१ मध्ये मिळाला. एका छोट्या प्रांतातले पुरुष १९९० पर्यंत नकारच देत होते, शेवटी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. पुराव्याची जबाबदारी बदल मागणाऱ्यावर टाकण्याचा नियम इथे लंगडा पडतो, कारण पुरावा मान्य करायचा की नाही हे ठरवणारे तेच, ज्यांना आहे त्या व्यवस्थेचा फायदा आहे. दीर्घकाळ टिकणं हे शहाणपणाचं लक्षण असू शकतं, तसंच ते मजबूत पहाऱ्याचंही असू शकतं. पुराणमतवादी विचारांत या दोहोंतला फरक ओळखण्याची खात्रीची पद्धत मला अजून सापडलेली नाही.

शिवाय, परंपरा म्हणून जे समोर येतं ते खरंच जुनं असतं का? प्रत्येक स्कॉटिश कुळाचं स्वतःचं चौकड्यांचं कापड असतं, ही गोष्ट प्राचीन वाटते. ती घट्ट रुजली एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबर्गला आला तेव्हाच्या समारंभाचा मोठा हात होता. अनुभवातून घासून-पुसून आलेली परंपरा, हा युक्तिवाद अशा गोष्टींना लागूच होत नाही.

आणि काही बदल हळूहळू करताच येत नाहीत. स्वीडनमध्ये १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोकांनी गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनंच चालाव्यात, असा कौल दिला. संसदेनं १९६३ मध्ये तो बाजूला ठेवला आणि ३ सप्टेंबर १९६७ च्या पहाटे सगळा देश उजव्या बाजूला गेला. बहुमताचा विरोध, एका रात्रीत बदल, वरून आलेला हुकूम, या तिन्ही गोष्टी असूनही तो निभावला. वाहनचालकाच्या सवयीत शतकांचं शहाणपण साठलेलं नव्हतं, आणि शेजारचे देश उजवीकडून चालत होते हे सीमेवर दिसत होतं. आठवडा आणि रस्त्याची बाजू, दोन्ही सवयीच. पण एकीत न दिसणारं पुष्कळ काही गुंतलेलं, दुसरीत जवळजवळ काहीच नाही. हे आधीच ओळखता येणं, यातच राजकारणातलं कौशल्य असतं.

नाव एक, माणसं वेगळी

पुराणमतवादी काय राखतो हे त्याच्या देशावर आणि काळावर ठरतं. अमेरिकेत तो १७८७ ची राज्यघटना राखतो, जी स्वतः एका बंडाचं फळ आहे. मॉस्कोत ऑगस्ट १९९१ मध्ये सोव्हिएत राष्ट्राध्यक्ष गोर्बाचेव्ह यांना हटवू पाहणाऱ्या कडव्या कम्युनिस्टांना जगभरची वर्तमानपत्रं पुराणमतवादीच म्हणत होती. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीची चौकट बदलू न देणाऱ्यांना हेच नाव आहे.

अलीकडे अनेक देशांत एक वेगळाच प्रकार दिसतो. स्वतःला परंपरेचे रखवालदार म्हणवणारे नेते न्यायालयं, निवडणूक यंत्रणा, विद्यापीठं, नोकरशाही यांना घाईघाईनं मोडायला किंवा ताब्यात घ्यायला निघतात. या संस्था आधीच विरोधकांनी पोखरल्या आहेत, आता राखण्यासारखं काही उरलेलं नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. तो खरा असू शकेलही. पण तो बर्कचा युक्तिवाद नव्हे. आहे ते सगळं सडलं आहे, मुळापासून साफ करू, हे तर १७९३ मधल्या पॅरिसमध्ये बोललं जात होतं. संस्था पोखरली गेली आहे, आणि ती मोडल्यावर जागेवर येणारी गोष्ट तिच्याहून बरी असेल, हे दाखवून देण्याची जबाबदारी याही मंडळींवर येते. त्यांच्या पक्षांतले जुने लोक नेमका हाच पुरावा मागतात, मग एक तर बाहेर पडतात किंवा गप्प बसतात. बातम्यांमध्ये मात्र दोघांनाही एकच विशेषण लावलं जातं.